नेस्टोरियस, सिरिल आणि इफिसची परिषद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कल्याणला दीड हजार वर्षांपूर्वी बिशप होता, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "म्हणजे पोर्तुगीजांच्याही आधी?" हो, हजारएक वर्षं आधी. दुसरा प्रश्न असतो, "कुठल्या पंथाचा?" त्यावर बहुतेक पुस्तकं "नेस्टोरियन" एवढं सांगून मोकळी होतात. या शब्दामागचं भांडण समजून घ्यायचं तर इ.स. 431 सालच्या इफिस शहरात (आजच्या तुर्कस्तानात) जावं लागतं. तिथली गोष्ट धर्माची आहे, तितकीच खुर्चीचीही आहे. खाली नेहमी येणारे प्रश्न घेतले आहेत. गावांची नावं शक्य तिथे मराठी बायबलमधली ठेवली आहेत: इफिस, अंत्युखिया, यरुशलेम.

एका शब्दावरून एवढं मोठं भांडण झालं, हे खरं का?

खरं आहे. शब्द होता "थिओटोकोस". ग्रीकमध्ये त्याचा अर्थ "देवाला जन्म देणारी". मरियेसाठी हा शब्द प्रार्थनेत, प्रवचनात, लोकांच्या तोंडी रुळलेला होता. इ.स. 428 मध्ये पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, नेस्टोरियस नवा बिशप म्हणून आला. त्याच्यासोबत आलेल्या अनास्तासियस नावाच्या धर्मगुरूने प्रवचनात सांगून टाकलं की मरियेला थिओटोकोस म्हणू नका, ती माणूस होती, आणि माणसाच्या पोटी देव जन्मणं अशक्य. लोक बिथरले. नेस्टोरियसने आपल्या माणसाला आवरायचं सोडून त्याचीच पाठराखण केली. वर तोडगा म्हणून "ख्रिस्तोटोकोस", म्हणजे ख्रिस्ताला जन्म देणारी, हा शब्द सुचवला.

ज्या भाषेत कौसल्येचा राम आणि देवकीचा कान्हा आहे, त्या भाषेत "देवाची आई" ऐकून कुणी दचकत नाही. म्हणून मराठी वाचकाला इथे मुद्दाम थांबावं लागतं. ग्रीक तत्त्वज्ञानात वाढलेल्या माणसाच्या लेखी देव म्हणजे अनादी आणि अविकारी. तो वाढत नाही, त्याला भूक लागत नाही, तो मरत नाही. त्याला नऊ महिने पोटात वाढवायचं कसं? इफिसला नेस्टोरियस म्हणाला होता की दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही. निदान त्याच्या विरोधकांनी तरी परिषदेत तशी साक्ष दिली. त्याच काळातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ सॉक्रेटिस नव्हे) लिहितो की नेस्टोरियस या शब्दाला बागुलबुवासारखा घाबरत होता.

हे सगळं नायसियाच्या परिषदेत आधीच ठरलं नव्हतं का?

नाही. 325 साली नायसियाला प्रश्न होता तो एरियसचा: पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, की पित्याने निर्माण केलेला? उत्तर आलं, पित्याच्याच तत्त्वाचा. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यावर पुन्हा शिक्का मारला. पण ख्रिस्त पूर्ण देव आहे हे एकदा मान्य केल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो पूर्ण माणूसही आहे, मग ही दोन्ही एकत्र नांदतात कशी?

दोन्ही गटांचं म्हणणं सोप्या शब्दांत सांगाल का?

लाजराच्या कबरेपाशी चला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू तिथे रडतो, आणि थोड्याच वेळाने लाजराला हाक मारून कबरेतून बाहेर बोलावतो.

सिरियातल्या अंत्युखिया शहराच्या विद्वानांचं (नेस्टोरियस त्यांच्यातलाच) म्हणणं असं: रडला तो मानवी स्वभाव, मेलेल्याला उठवलं ते दैवी स्वभावाने. दोन्ही एकाच ख्रिस्तात आहेत, पण खाती वेगळी ठेवा. नाहीतर देव रडला, देव थकला, देव मेला असं म्हणण्याची पाळी येईल.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे लोक म्हणत की खाती वेगळी केलीत तर ख्रिस्तही दोन होतील. जो रडला त्यानेच उठवलं. "शब्द देही झाला" असं वचन आहे. शब्द एका देहात भाड्याने राहायला आला, असं ते नाही. देवानेच मरण सोसलं नसेल तर आमचं तारण झालं कशाने?

मला विचाराल तर दोघांची भीती खरी होती. शब्दांनी मात्र घोळ घातला. "फिसिस" म्हणजे स्वभाव, हा शब्द दोन्ही शहरांत चालायचा, पण एकच नाणं दोन बाजारांत वेगळ्या भावाने चालावं तसा. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल "देवशब्दाचा देहधारी झालेला एकच स्वभाव" हे सूत्र मोठ्या अभिमानाने वापरायचा, कारण ते थोर अथानासियसचं आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ते अपोलिनारिसचं होतं, आणि त्याला चर्चने पाखंडी ठरवून टाकलं होतं. त्याच्या चेल्यांनी गुरूचं लिखाण अथानासियसच्या नावावर खपवलं, आणि सिरिलसारखा पंडित त्याला फसला.

यात राजकारण कुठून आलं?

राजकारण आधीपासूनच होतं. 381 च्या परिषदेने एक नियम केला: कॉन्स्टँटिनोपल हे नवं रोम असल्यामुळे मानात तिथला बिशप रोमच्या बिशपाखालोखाल. तोवर पूर्वेकडे पहिला मान अलेक्झांड्रियाचा होता. कालपरवा वसलेलं शहर राजधानी झालं म्हणून डोक्यावर बसलं, हे अलेक्झांड्रियाला कधीच पचलं नाही. त्यात राजधानीचं पोट भरायचं ते इजिप्तच्या धान्याने, आणि ती गलबतं सुटायची अलेक्झांड्रियाच्या बंदरातून.

सिरिलचा मामा-काका जो कोणी म्हणा (जुन्या नोंदींत नुसतं "पुतण्या किंवा भाचा" एवढंच कळतं), तो थिओफिलस आधीचा बिशप. त्याने 403 साली राजधानीच्या वेशीवर जाऊन तिथला बिशप योहान क्रिसोस्तोम याला एका सभेत पदच्युत केलं होतं. नेस्टोरियसप्रमाणे क्रिसोस्तोमही अंत्युखियाचाच. त्या सभेला तरुण सिरिल हजर होता. 412 साली तो स्वतः गादीवर आला. 415 मध्ये गणिती हायपेशियाची जमावाने हत्या केली. सिरिलने तसा हुकूम दिला होता असा पुरावा नाही, पण त्या प्रकाराने सिरिलची आणि त्याच्या चर्चची मोठी बदनामी झाली, असं वर उल्लेखलेला सॉक्रेटिसच लिहितो.

पुढे अंत्युखियाचा नेस्टोरियस राजधानीत बसला. सिरिलविरुद्ध गाऱ्हाणी घेऊन अलेक्झांड्रियाची काही माणसं त्याच्याकडे गेली आणि तो ती ऐकून घेण्याच्या बेतात होता. नेमक्या त्याच सुमारास सिरिलला थिओटोकोसची काळजी वाटू लागली. सिरिलची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्याचं आधीचं लिखाण वाचलं तर तो हेच सांगत आलेला दिसतो. पण मुहूर्त मात्र त्याने पाहून काढला होता.

म्हणजे नेस्टोरियस बिचारा होता?

अजिबात नाही. 10 एप्रिल 428 ला पदावर बसताच त्याने सम्राटाला जाहीर सांगितलं की पाखंडी लोकांपासून साफ केलेली पृथ्वी मला दे, मी तुला बदल्यात स्वर्ग देतो. पाचव्या दिवशी त्याने एरियन लोकांचं प्रार्थनामंदिर पाडायला घेतलं. त्यांनी हताश होऊन ते स्वतःच पेटवून दिलं, आग शेजारच्या इमारतींपर्यंत गेली, आणि नेस्टोरियसला "आगलाव्या" हे नाव चिकटलं. सम्राटाची बहीण पुल्खेरिया हिने आजन्म कौमार्याचं व्रत घेतलं होतं आणि मरियेवर तिची फार भक्ती होती. दरबारात तिचा शब्द चालायचा. तिच्याशीही याने वाकडं घेतलं. माणूस विद्वान, आवाज उत्तम, पण कुणाशी कधी गोड बोलावं हे त्याला कळत नव्हतं.

रोमचा पोप सिरिलच्या बाजूने का गेला?

थोडक्यात सांगायचं तर सिरिलची कागदपत्रं चोख होती. त्याने नेस्टोरियसच्या प्रवचनांचे उतारे लॅटिन भाषांतरासह रोमला पाठवले. नेस्टोरियसने पत्रं ग्रीकमध्ये पाठवली. शिवाय रोमने बाहेर काढलेल्या पेलागियसपंथी बिशपांना त्याने राजधानीत थारा दिला आणि वर पोप सेलेस्टाइनलाच विचारलं की यांचा गुन्हा काय? ऑगस्ट 430 मध्ये रोमने निकाल दिला की दहा दिवसांत मत मागे घ्या, नाहीतर बहिष्कार. अंमलबजावणी सिरिलकडे सोपवली. सिरिलने त्यात स्वतःची बारा शापवचनं जोडली, आणि ती इतकी कडक होती की तोवर मध्ये न पडलेले अंत्युखियाचे बिशपही खवळले.

इफिसला प्रत्यक्ष काय घडलं?

सम्राट दुसरा थिओडोसियस याने सगळ्यांना 7 जून 431 साठी, पेंटेकॉस्टच्या सणाला, इफिसला बोलावलं. आमंत्रण आफ्रिकेत ऑगस्टीनलाही गेलं होतं, पण ते पोहोचण्याआधीच तो वारला होता.

जागा ठरली तिथेच नेस्टोरियस अर्धा हरला. इफिसचा बिशप मेम्नॉन सिरिलचा माणूस होता आणि परिषदेचं चर्च मरियेच्या नावाचं. नेस्टोरियस सोळाएक बिशप घेऊन आला, सिरिल पन्नासएक. सोबत इजिप्तचे खलाशी आणि भिक्षू वेगळेच. मेम्नॉनने शहरातली चर्चं नेस्टोरियसला बंद केली.

अंत्युखियाचा बिशप योहान आणि त्याचे सोबती यायचे होते. ते वाटेवर होते. जनावरं मरत होती, माणसं आजारी पडत होती, तसा निरोपही आला होता. इकडे इफिसच्या उन्हात काही बिशप आजारी पडले, काही दगावले. दोन आठवडे थांबून सिरिलने 22 जूनला परिषद सुरू केली. अडुसष्ट बिशपांनी लेखी विरोध केला, "सगळे येईपर्यंत थांबा." सम्राटाचा प्रतिनिधी कँडिडियन याने हुकूम वाचून दाखवला की सगळे आल्याशिवाय सुरू करू नका. त्याला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. हुकूम वाचला गेला म्हणजे सभा रीतसर सुरू झाली, असा अर्थ मात्र सिरिलने त्यातून काढून घेतला. कोणत्याही सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला ही युक्ती ओळखीची वाटेल.

नेस्टोरियसला तीनदा बोलावणं गेलं. घराला सैनिकांचा पहारा होता, तो आला नाही. मग सिरिलचं पत्र वाचलं गेलं, एकेका बिशपाने उठून ते नायसियाशी जुळतं असं सांगितलं. नेस्टोरियसचं उत्तर वाचलं गेलं, सगळे धिक्काराने ओरडले. दिवस मावळायच्या आत पदच्युतीवर सह्या झाल्या. त्याला पाठवलेल्या नोटिशीचा मायना होता "नव्या यहूदाला" (यहूदा म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा शिष्य). बाहेर लोक सकाळपासून ताटकळत होते. निकाल ऐकून त्यांनी मशाली पेटवल्या आणि धूप जाळत बिशपांना मुक्कामावर पोहोचवलं. आरोप करणारा सिरिल, न्यायाधीश सिरिल, रोमच्या बिशपाच्या जागीही सिरिलच, असं नेस्टोरियसने पुढे हद्दपारीत लिहिलं. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

चार दिवसांनी योहान पोहोचला. प्रवासाचा शीण उतरायच्या आत त्याने चाळीसएक बिशपांची वेगळी सभा भरवली आणि सिरिल व मेम्नॉन दोघांना पदच्युत केलं. जुलैत रोमचे प्रतिनिधी आले आणि सिरिलच्या बाजूने बसले. एका गावात दोन परिषदा चालल्या होत्या, दोन्ही अधिकृत, आणि दोन्हींनी एकमेकांना शाप दिलेले.

राजधानीकडचे रस्ते आणि बंदर नेस्टोरियसच्या माणसांनी रोखले होते. तेव्हा सिरिलचं पत्र एका भिकाऱ्याच्या हातातल्या पोकळ बांबूत घालून पाठवलं गेलं. ते दालमातियस नावाच्या वृद्ध भिक्षूला मिळालं. पन्नासएक वर्षं त्याने मठाची कोठडी सोडली नव्हती, खुद्द सम्राटाच्या विनंतीवरूनही नाही. तो बाहेर पडला आणि भजनं म्हणत भिक्षूंचा जथा घेऊन राजवाड्यावर गेला. राजधानीतलं वारं त्या दिवशी फिरलं.

तरी ऑगस्टमध्ये सम्राटाने जो निकाल पाठवला तो वाचून हसू येतं. नेस्टोरियस, सिरिल आणि मेम्नॉन, तिघांचीही पदच्युती त्याने मंजूर केली आणि तिघांनाही नजरकैदेत टाकलं.

सिरिलने लाच दिली, हा विरोधकांचा अपप्रचार नाही का?

तसं म्हणता आलं असतं, पण यादी त्याच्याच कचेरीतून निघालेली आहे. सिरिलचा सहायक एपिफानियस याने कॉन्स्टँटिनोपलच्या नव्या बिशपाला लिहिलेलं पत्र लॅटिन रूपात शिल्लक आहे. दरबारात कुणाला काय पोहोचवलं याचा त्यात हिशेब आहे, एखाद्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा. राजवाड्यातला बडा अधिकारी क्रिसेरोस विरोधात होता. त्याने "विरोध थांबवावा म्हणून" त्याला इतरांच्या दुप्पट द्यावं लागलं असं पत्रात सरळ लिहिलंय: मोठे लोकरी गालिचे, टेबलावरची वस्त्रं, दारांचे पडदे, हस्तिदंती आसनं, आणि 200 पौंड सोनं. रोमन पौंड साधारण 327 ग्रॅमचा, म्हणजे पासष्ट किलो. राजवाड्यातल्या दासींनाही वाटा होता, कारण पुल्खेरियाच्या कानापर्यंत पोहोचायचं तर वाट त्यांच्यातूनच जायची.

पत्रातली तक्रार मला यादीहून बोलकी वाटते. अलेक्झांड्रियाचं चर्च यापायी धुऊन निघालंय, तिथले धर्मगुरू हळहळताहेत, आणि हे सगळं देऊन वर एका सरदाराचं 1500 पौंड सोन्याचं कर्ज आहे. जवळजवळ पाच क्विंटल सोनं.

त्या काळी दरबारात रिकाम्या हाताने जायची पद्धत नव्हती, हेही खरं. पण दुसऱ्या बाजूचे लोक तेव्हाही याला लाचच म्हणत होते.

शेवटी जिंकलं कोण?

सिरिल. ऑक्टोबर 431 मध्ये तो अलेक्झांड्रियाला परतला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नेस्टोरियसने मठात परत जाऊ द्या म्हणून स्वतःच विनंती केली होती, ती ताबडतोब मंजूर झाली. 433 मध्ये सिरिल आणि अंत्युखियाचा योहान यांचा समेट झाला. दोन स्वभावांची भाषा सिरिलने मान्य केली, नेस्टोरियसचा बळी योहानाने मान्य केला. काही वर्षांत नेस्टोरियसला अरबस्तानाकडे आणि मग इजिप्तच्या वाळवंटातल्या खर्गाच्या मरूद्यानात धाडलं गेलं. म्हणजे सिरिलच्याच हद्दीत.

444 मध्ये सिरिल गेला. त्या वेळचं एक पत्र थिओडोरेट या अंत्युखियाच्या बाजूच्या बिशपाच्या नावावर सांगतात (त्याचंच आहे का, याबद्दल शंका आहे): त्याच्या थडग्यावर चांगला जड दगड ठेवा, नाहीतर मेलेले लोक कंटाळून त्याला परत पाठवतील.

मग 451 च्या खाल्सेदोन परिषदेचा याच्याशी काय संबंध?

हा त्याच मालिकेचा पुढचा भाग. सिरिलचा वारस दिओस्कोरस याने 449 मध्ये इफिसलाच दुसरी परिषद भरवून राजधानीचा बिशप फ्लावियन याला पाडलं. दंडेली इतकी झाली की पोप लिओने तिला "दरोडेखोरांची सभा" म्हटलं. पुढच्याच वर्षी सम्राट घोड्यावरून पडून मेला, पुल्खेरियाने मार्सियनशी लग्न करून त्याला गादीवर बसवलं, आणि 451 मध्ये खाल्सेदोनला ठरलं: ख्रिस्त एकच व्यक्ती, दोन स्वभावांत, मिसळ न होता आणि फाळणी न होता. दिओस्कोरसची गच्छंती झाली. इजिप्त, आर्मेनिया आणि सिरियातल्या मोठ्या वर्गाने हे सूत्र कधी स्वीकारलं नाही. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन ऑर्थोडॉक्स ही चर्चं आजही वेगळी आहेत ती त्या फुटीमुळे. यरुशलेमचा बिशप युवेनाल 431 ला सिरिलसोबत, 449 ला दिओस्कोरससोबत आणि 451 ला विजेत्यांसोबत होता. त्याला हवा असलेला पॅट्रिआर्कचा (सर्वोच्च मानाच्या बिशपाचा) दर्जा खाल्सेदोनला मिळाला. आयाराम-गयाराम हा शब्द आपल्याकडे 1967 चा असला तरी माणसं जुनी आहेत.

नेस्टोरियस स्वतः "नेस्टोरियन" होता का?

"ख्रिस्तात दोन वेगळ्या व्यक्ती आहेत" हे मत नेस्टोरियनवाद म्हणून शिकवलं जातं. नेस्टोरियसने ते नाकारलं होतं. हद्दपारीत त्याने लिहिलेला मोठा बचाव सिरियाक भाषांतरात टिकला आणि 1910 मध्ये छापला गेला. त्यात तो पोप लिओचं मत वाचून म्हणतो की मी हेच तर सांगत होतो. म्हातारा माणूस, वाळवंटात अडकलेला, टोळ्यांच्या धाडीत एकदा पकडून नेलेला, आणि जिंकलेल्या बाजूला स्वतःचंच मत दिसतंय. तो खरंच तेच सांगत होता का यावर विद्वान आजही वाद घालतात. माझ्या मते त्याचं मत जितकं वाईट ठरवलं गेलं तितकं नव्हतं, आणि त्याचे शब्द मात्र त्याने निवडले त्याहून वाईट निवडणं अवघड होतं.

इराणातलं चर्च नेस्टोरियसने स्थापलं का?

नाही. तो तिथे कधी गेलाच नाही. इराणच्या सासानी साम्राज्यातल्या ख्रिस्ती लोकांनी 410 मध्येच सेल्युसिया-टेसिफोनला आपली परिषद भरवून कारभार लावला होता. इफिसच्या भांडणात ते नव्हतेच. मात्र त्यांची विद्या अंत्युखियाच्या वळणाची होती, आणि रोमन सम्राट झेनोने 489 मध्ये एडेसाची पाठशाळा बंद केल्यावर तिथली परंपरा सरहद्दीपलीकडे निसिबिसला रुजली. नेस्टोरियसला ते आदराने स्मरत, पण "नेस्टोरियन" हे नाव त्यांना इतरांनी दिलं. ते स्वतःला पूर्वेकडचं चर्च म्हणतात. त्यांची माणसं व्यापारी वाटांनी थेट चीनपर्यंत गेली. शीआनचा 781 सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो.

मग कल्याणचा बिशप?

याच चर्चचा. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं की "कल्लियाना" नावाच्या जागी बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. 1321 मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ते उतरले होते नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. म्हणजे रोमच्या माणसांना ठाण्यात आसरा दिला तो रोमने पाखंडी ठरवलेल्यांनी.

गोव्याचाही संबंध आहे म्हणतात, तो कसा?

गोव्याचा आर्चबिशप अलेइशो द मेनेझिस 1599 मध्ये केरळात गेला आणि जूनमध्ये कोचीजवळ उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. तिथल्या थॉमस ख्रिस्ती लोकांचे बिशप शतकानुशतकं पूर्वेकडच्या चर्चकडून येत. मेनेझिसने त्यांच्याकडून नेस्टोरियसचा धिक्कार वदवून घेतला, सिरियाक पोथ्या तपासायला मागवल्या, आणि बऱ्याच जाळून टाकल्या. ज्यांच्या पूर्वजांनी इफिस पाहिलंही नव्हतं त्यांनी अकराशे अडुसष्ट वर्षांनी त्या निकालाची किंमत मोजली.

पुढचं वळण आणखी गंमतीचं. 1653 मध्ये मट्टनचेरीला यातल्या मोठ्या गटाने पोर्तुगीज जेसुइटांचं ऐकणार नाही अशी शपथ घेतली. 1665 मध्ये त्यांच्या मदतीला बिशप आला तो सिरियन ऑर्थोडॉक्स, म्हणजे सिरिलला गुरू मानणारा. "नेस्टोरियन" म्हणून ज्यांच्या पोथ्या जाळल्या, त्यांची नातवंडं नेस्टोरियसच्या सर्वांत कडव्या विरोधकांच्या पंगतीत जाऊन बसली.

हे भांडण अजून चालू आहे का?

जवळजवळ मिटलंय. 11 नोव्हेंबर 1994 ला पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडच्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये संयुक्त निवेदनावर सही केली. मरियेला "देवाची माता" म्हणा किंवा "ख्रिस्ताची माता" म्हणा, दोन्ही त्याच एका विश्वासाचे उद्गार आहेत असं त्यात मान्य केलं आहे. वसईतली आजी रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन "देवाची माता" म्हणते, तेव्हा तिला या सगळ्याची कल्पना असण्याची गरज नाही.

ते परिषदेचं चर्च आज पाहता येतं का?

येतं. तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ इफिसचे अवशेष आहेत. पर्यटकांचे जथे सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. मरियेचं चर्च एका बाजूला पडतं: लांबच लांब, छप्पर नसलेलं, काही खांब उभे. जवळच्या बंदरात सिरिलची गलबतं लागली होती. नदीच्या गाळाने ते केव्हाच बुजलं, आणि समुद्र आता काही किलोमीटर लांब आहे.